सत्तर टक्क्यांचे घर

रविवार, दिनांक १ नोव्हेंबर २०१५. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती आणि अमरावतीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सहदेव गावंडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेल्या आलेखाच्या कागदावर एकशे अठ्ठ्याहत्तरावा ठिपका देत होता. कागद एकशे ऐंशी ठिपक्यांचा. महिन्याला एक, असा पंधरा वर्षांचा. उत्पन्न अठ्ठावीस हजार, खर्च आठ हजार चारशे, शिल्लक एकोणीस हजार सहाशे... शेकडा सत्तर! पोलादी पट्टी लावून त्याने नवा ठिपका मागच्या ठिपक्याला जोडला, पेन्सिल कानामागे अडकवली आणि एखाद्या लहान मुलासारखा हसत तो बायकोकडे वळला.

"झालं व रागिनी! पुरे सत्तर. आता फक्त एकसष्ट दिवस. एकतीस डिसेंबरले मी मोकळा!"

रागिणीने चहाचा कप डाव्या हाताने पुढे केला. उन्हाळ्यापासून तिच्या उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, आणि दसऱ्यापासून तर त्या बोटांना कपाचा कान आहे की नाही हेच उमगेनासे झाले होते. सहदेवला ते दिसले नाही. त्याचे डोळे अजून कागदावरच होते.

"अन् आयक, भगवंताले फोन कर. त्याले म्हन, तूर-जवारी या साली संक्रांतीपर्यंत ठेवू नको, डिसेंबरातच पाठव. नवीन वर्ष कसं भरल्या घरानं सुरू झालं पायजे."

"हो, करते," ती म्हणाली. आणि पदराने कपाळ पुसण्याच्या निमित्ताने तिने तोंड फिरवले. कारण तिच्या काळजात त्या क्षणी जे कालवले, ते चेहऱ्यावर उमटल्यावाचून राहिले नसते... भगवंताची तूर! भगवंताची ज्वारी! अकोटच्या त्या वावरातून गेल्या सहा वर्षांत या घरात धान्याचा एक दाणाही आला नव्हता!

सहदेवचे वडील किसनराव अकोटच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. चौतीस वर्षे त्यांनी रुईच्या धुळीत काढली, अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ आणि शाल घेऊन ते घरी आले, आणि बरोबर त्र्याण्णव दिवसांनी गेले. त्र्याण्णव दिवस! तंत्रनिकेतनातून विजेची पदविका घेतलेला, एकोणतीस वर्षांचा सहदेव त्या दिवशी रडला नाही. त्याने वडिलांच्या नोकरीचे दिवस मोजले, मग विश्रांतीचे दिवस मोजले, आणि दोहोंचे प्रमाण काढून तो सुन्न होऊन बसला. पंचेचाळिसाव्या वर्षी काम थांबवायचे, हा निश्चय त्याने त्या प्रमाणातून केला.

पुढचे सारे रेखीव होते. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीसपट रक्कम साठवायची. व्याज महागाईत जाईल, मुद्दल पंचवीस वर्षे पुरेल, म्हणजे सत्तरीपर्यंत. त्यापुढचा हिशेब त्याने मांडलाच नाही. त्यांच्या घराण्यात एकाही पुरुषाने सत्तरी पाहिली नव्हती. महिना आठ हजार चारशे, वर्षाचे एक लाख आठशे, त्याची पंचवीसपट पंचवीस लाख वीस हजार. त्यासाठी तो नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात तेरा किलोमीटर सायकलने जाई, बाहेरचा चहा त्याने कधी प्यायला नाही, दोन सदऱ्यांवर त्याची वर्षे गेली. तो कठोर नव्हता हो! दोन वेळा रागिणीची कूस उजवण्याआधीच रिकामी झाली, तेव्हा तिचे डोके मांडीवर घेऊन तोच म्हणाला होता, "आपल्या मांगं कोनी नाही ना, त मंग जगनं तरी आपलं असू दे. मी लवकर मोकळा होतो. मंग सारा दिवस तुह्या जवळ." ते शब्द तिने पंधरा वर्षे देवघरातल्या समईसारखे जपले होते.

मात्र त्या हिशेबात एक खांब गावाचा होता. वडिलार्जित आठ एकर जमीन धाकटा भाऊ भगवंत कसत असे. त्यातल्या सहदेवच्या चार एकरांचा वाटा म्हणून दरवर्षी संक्रांतीला दोन क्विंटल ज्वारी, अर्धा क्विंटल तूर आणि शेंगांचे एक पोते एसटीच्या टपावरून अमरावतीला यावे, असे ठरले होते. वहीत धान्याच्या रकान्यात सहदेव लिही, 'गावावरून', आणि पुढे शून्य मांडी. आणि त्यांच्याजवळच राहणाऱ्या आई गोदाबाईंच्या देखत त्याने हेही बजावले होते की ज्या साली वाटा येणार नाही, त्या साली आपले चार एकर विकून पैसा बँकेत टाकायचा. त्यात द्वेष नव्हता. उत्पन्न न देणारी वस्तू बाळगायची नाही, एवढाच त्याचा नियम होता.

जानेवारी २०१० मध्ये, भर दुपारी, सहदेव कामावर असताना भगवंत दाराशी आला. काखेत चार रिकामी पोती, घडी घातलेली. त्यांच्यावर निळ्या रंगात ठसठशीत नाव, 'भ. कि. गावंडे, अकोट'. उंबऱ्याच्या आत पाऊलसुद्धा टाकेना.

"या ना भाऊजी, असे परक्यावानी काहून उभे?"

"वहिनी, पान्यानं दगा देल्ला. जवारी पोटऱ्यातच वायली, कनीस निघालंच नाही. तूर... तूर त खळ्यावर आलीच नाही." त्याने काखेतली पोती आवळली. "दादाले सांगू नोका. थो बोलला ते करते, तुमाले मालूम हाये. चार एकर गेले त बाकीच्या चारात माह्या घरचे सहा तोंडं मी कसे भरू? फक्त या सालची गोष्ट. पुढच्या साली दुप्पट पाठवतो, पोतं फाटेपर्यंत!"

अंगापिंडाने धिप्पाड असा तो माणूस उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडला. रागिणीने त्याच्या काखेतली पोती काढून घेतली आणि म्हणाली, "हे पोते ठेवून जा भाऊजी. भरलेले आले, असं मी सांगन."

पुढच्या साली दुप्पट आले नाही. त्याच्या पुढच्या सालीही नाही... कधी पाऊस आला नाही, कधी नको तेव्हा आला, कधी पीक आले आणि भाव गेला. आणि एका सालाची ती गोष्ट सहा सालांची झाली.

दोन घरे पलीकडे अब्दुल सत्तार टेलरांचे घर होते. त्यांची बायको हलीमाबी साड्यांना हाताने फॉल लावण्याचे काम घेई. सहदेव साडेसातला सायकलवर टांग टाकी आणि संध्याकाळी सहाला परते. त्यामधले सहा तास रागिणी हलीमाबीच्या पडवीत मान खाली घालून बसू लागली. एका साडीला पाऊण तास. आरंभी दर बारा रुपये होता, पुढे अठरा झाला. दिवसाला आठ साड्या, महिन्याचे छत्तीसशे. त्यातूनच बाजार समितीजवळच्या दुकानातून ज्वारी येई, तूर येई, हलीमाबीच्या घरी ती निळ्या नावाच्या पोत्यांत भरली जाई आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी हमालाच्या डोक्यावरून 'गावावरून' येई! त्यातूनच गोदाबाईंची गोळ्या-औषधे होत, लग्नाकार्याचे आहेर होत, आणि ठरलेल्या आठ हजार चारशेत न मावणारे सारे काही होई. सहदेवला नवल वाटे. "एवढी महागाई हाये म्हंते लोक, पन आपल्या घरात कुठी दिसते?" तो कौतुकाने म्हणे, आणि रागिणी पाठमोरी होऊन फोडणी देई.

२०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर तुरीची डाळ किलोला एकशे ऐंशीवर गेली. आणि त्याच आठवड्यात हलीमाबीने एक साडी रागिणीपुढे टाकली.

"हे काय शिवलं? टाके पाह्य, एक अकोल्याले चाल्ला अन् एक बडनेऱ्याले! गिऱ्हाइकीन मले तोंडावर बोलून गेली."

रागिणीने हसण्याचा प्रयत्न केला, आणि हलीमाबीने तिचा उजवा हात धरून उलटा केला. अंगठ्याशेजारच्या दोन्ही बोटांत सुई टोचल्याचे पाच-सहा लाल ठिपके होते. एकही तिला कळला नव्हता.

"या अल्ला... रागिनी! तुले लागत नाही?"

"नाही लागत, थे बरंच हाये. दुखत नाही."

"मस्करी नोको करू. अन् मले हे सांग, नव्या सालात तुहे साहेब घरी बसतीन. दिवसभर घरी! मंग तू इकडे कशी येशीन? काय सांगशीन, हलीमाबीकडं सहा घंटे गप्पा मारते म्हनून?"

सुई रागिणीच्या हातातून गळून पडली. पंधरा वर्षे ती ज्या दिवसाची वाट पाहत होती, त्या दिवसाचे खरे रूप तिला प्रथमच दिसले. तो घरी बसणार होता तिच्या कमाईच्या आधारावर, आणि तो घरी बसताच ती कमाई थांबणार होती! आठ हजार चारशे हा खर्च या घरात कधी नव्हताच. त्या आकड्यावर त्याने आपले उरलेले आयुष्य उभे केले होते, आणि तो आकडा तिने, स्वतःच्या हाताने, त्याच्यासाठी घडवला होता. उपकार म्हणून केले ते पाप होते का? त्याला वाचवू म्हणता म्हणता तिने त्याला कड्याच्या टोकावर आणून उभे केले होते का?

"बोल दे," हलीमाबी हळूच म्हणाली. "रागावतीन, चिल्लावतीन. पन बोल दे."

"मी भाऊजीले शब्द देल्ला हाये, हलीमाबी. त्यायले इचारल्याशिवाय कशी बोलू?"

दिवाळी झाल्यावर, सोमवारी सोळा तारखेला, सहदेवची सायकल वळणाआड गेली तशी ती अकोटच्या एसटीत बसली. भगवंत वावरात भेटला. कपाशीच्या पऱ्हाट्या लालसर पडून उभ्या होत्या, बोंडे आवळून टणक झाली होती, आणि तुरीचा फुलोरा जमिनीवर गळून पायाखाली चुरत होता. तिने सारे सांगितले. आपल्या हाताचे मात्र सांगितले नाही.

भगवंत बराच वेळ ढेकूळ चुरत बसला. "सहा वर्षं, वहिनी? मले वाटे, एक-दोन साल तुमी कसंबसं भागवलं असन, मंग दादाले समजलं असन अन् त्यानं मोठ्या मनानं सोडून देलं असन. मी येडा! माह्या मनानं मीच माफी घेऊन बसलो." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "तुमी नोका सांगू. माह्या तोंडानं मीच सांगतो. राजीनामा कवा देऊन राहिला थो?"

"एक तारखेले."

"मंग एक तारखेले सकाळच्या पहिल्या गाडीनं मी येतो. बैलायचा सौदा झाला की दोन पैसे बी आनतो. तोवर तुमी गप राहा."

परतीच्या प्रवासात तिला कित्येक महिन्यांनी हलके वाटले. पंधरा दिवस. पंधरा दिवस धीर धरला की झाले!

पण सहदेव नेमका होता. तीस नोव्हेंबरला, सोमवारी संध्याकाळी, तो हातात पाव किलो पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला. त्या घरात विकत आणलेली मिठाई पंधरा वर्षांत आली नव्हती.

"देऊन आलो राजीनामा!"

"आज? उद्या देनार होते ना?"

"नेमनुकीचा कागद पुन्हा वाचला. नोटीस पुऱ्या क्यालेंडर महिन्याची पायजे. उद्या देल्ला असता त जानेवारीचा अख्खा महिना लटकलो असतो. वाचवला का नाही एक महिना?" तो खळखळून हसला. "अन् त्यायनं त लगेच मंजूर केला. सही-शिक्का सगळं. उद्या रजा घेतली हाये. तोंड उघड."

त्याने पेढा तिच्या ओठांशी नेला. तो गोड होता की कडू, तिला समजले नाही.

"अवो, मले काही सांगाचं हाये..."

"उद्या सांग. आज फक्त मी बोलनार. पंधरा वर्षं आकडेच बोललो." आणि तो तिच्याशेजारी पाटावर बसून सांगत राहिला... सकाळी दोघांनी तपोवनापर्यंत फिरायला जायचे, दुपारी तो तिला वर्तमानपत्र वाचून दाखवणार, कधीतरी चिखलदऱ्याला जायचे, परतवाड्याहून जीपने, तिथल्या कड्यापाशी बसून ढग पाहायचे... आणि त्या उजळलेल्या मुखावर घाव घालण्याचे धैर्य तिच्या व्याकूळ अंतःकरणाला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला भगवंत आला. त्याने चप्पल बाहेर काढली, आतल्या खोलीत जाऊन आईच्या पायांवर डोके ठेवले, आणि बाहेर आल्या आल्या, पाण्याचा तांब्याही न घेता, सारे सांगून टाकले.

सहदेव ऐकत होता. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला.

"सहा वर्षं?" त्याचा आवाज चिरकला. "सहा वर्षं मी या भिंतीवर खोटं लिहत होतो? भगवंता, तू परका नाही, तुहा जीव वावरात अडकला होता, थे समजू शकतो. पन तू, रागिनी? रोज माह्यासमोर ताट वाढत होती तू! काहून? मी काय राक्षस होतो?"

"तुमी वावर इकलं असतं..."

"इकलं असतं! सांगून इकलं असतं! मले हे असं आंधळं करून काय मिळवलं तुमी लोकायनं?"

"सहदेवा, आवाज कमी कर," आतल्या खोलीतून गोदाबाई भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. "सांगाचं त मलेबी होतं. मले पहिल्या भाकरीतच समजलं होतं."

तिघेही त्यांच्याकडे वळून पाहत राहिले.

"चाळीस वर्षं मी त्या वावरातली जवारी दळली, थापली, खाल्ली. तिची गोडी मी इसरन का? या घरची भाकर बजारच्या जवारीची होती. पोत्यावर नाव आपलं अन् आत दाना दुसऱ्याचा. मी समजली. मंग पाहिलं, ही दुपारची कुठी जाते."

"अन् तू बोलली नाही, माय?"

"काय बोलू? माह्या दोन लेकरांचे घर इकडून-तिकडून फाटून राहिले होते. ही बाई सुई-धागा घेऊन थे शिवून राहिली होती. मी काय तिचा धागा तोडू?" गोदाबाईंच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी ओघळले. "माह्या गोळ्याबी तीच आनते, बापा. तुह्या वहीत एकतरी गोळी हाये का, पाह्य."

सहदेवने खरोखरच वही उघडली. पाने उलटता उलटता त्याचे हात मंदावले. औषध... नाही. आहेर... नाही. डाळ... शून्य, शून्य, शून्य. सहा वर्षांच्या शून्यांच्या त्या सरळ, स्वच्छ ओळी! तो त्यांच्याकडे असा पाहत राहिला, जणू कुणी परक्या माणसाची वही त्याच्या हाती आली होती.

"महिन्याले किती लावत होती?" त्याने कोरड्या आवाजात विचारले.

"आता छत्तीसशे. आधी कमी होते."

त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि भिंतीवरच, आलेखाच्या खाली, मांडणी केली. खर्च बारा हजार. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. पंचवीसपट, छत्तीस लाख. कमी पडतात दहा लाख ऐंशी हजार. आहे तेवढ्यात पुरतील साडेसतरा वर्षे. म्हणजे बासष्टाव्या वर्षी, हातपाय थकल्यावर, घरात काही नाही. राजीनामा मंजूर झालेला. सही-शिक्का सगळे.

मग शेवटच्या आधाराला धरावे तसा तो म्हणाला, "साड्या किती झाल्या असतीन? मले सगळं पुन्हा मांडाचं हाये. ये, तुह्या हातानं लिहून दे. साल, दर, साड्या."

त्याने पेन्सिल तिच्या हातात दिली. ती खाली पडली. रागाने टाकली असे समजून त्याने ओठ आवळले, ती उचलली, पुन्हा तिच्या बोटांत ठेवली आणि बोटे मिटवली. पेन्सिल पुन्हा निसटून फरशीवर वाजली.

"धर ना व."

"धरली म्हनूनच वाटते मले," रागिणी खाली पाहत म्हणाली. "समजत नाही."

सहदेव थबकला. आयुष्यभर ज्याने कुठली तार जिवंत आणि कुठली मेलेली हे शोधले होते, त्या माणसाने बायकोचा हात आपल्या तळहातावर घेतला आणि पेन्सिलीचे टोक एकेका बोटावर टेकवायला आरंभ केला.

"हे समजते?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"हे... हे मधलं? जोरानं दाबलं हाये मी."

"नाही समजत."

करंगळीवर टोक टेकताच ती दचकली. "हे समजलं."

आणि त्या एका शब्दाने सहदेव गावंडे कोसळला. भिंतीशी बसून, तो बधिर हात डोळ्यांशी घट्ट धरून, वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी न रडलेला तो माणूस हमसून हमसून रडू लागला. "मी तुह्यासाठीच वेळ जमा करत होतो, रागिने... तुह्यासाठीच! अन् तुहाच हात खर्ची घालत होतो? मले एक दिवसबी कसं दिसलं नाही? कसं दिसलं नाही मले?"

"तुमी वेळ जमा केला, मी धान्य. चुकलं दोघायचं," ती डाव्या हाताने त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "मीच आधी बोलाले पायजे होतं. तुमी हसत होते ना त्या कागदाजवळ उभं राहून... महिन्यातून तेवढं एकदा हसत होते. मले थे मोडवलं नाही."

त्याच पावली सहदेव सायकल काढून नांदगाव पेठला गेला. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. राजीनामा परत दिला नाही. त्या जागेवर कंत्राटी माणूस निम्म्या पगारावर ठरूनही गेला होता. सहदेव दीडला परतला आणि एवढेच म्हणाला, "नाही झालं."

भगवंत हात जोडून उभा राहिला. "दादा, आठही एकर तू घे. इक. मी मजुरीनं जगतो."

"येडा झाला काय? एक गुंठाबी इकाचा नाही." त्याने भावाचे जोडलेले हात सोडवले. "बैलबी इकू नको. अन् या सालपासून वाटा-गिटा काही नाही. मले फक्त एक करत जा. दर साली फोन करून खरं काय पिकलं थे सांगत जा. शून्य असन त शून्य सांग. पन खरं सांग."

दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि रागिणीने सहा वर्षांत प्रथमच, चार माणसांसमोर, विकतच्या ज्वारीचे पीठ विकतचे म्हणून परातीत घेतले; थापायला मात्र तिला गोदाबाईंना हाक मारावी लागली.

त्या आठवड्यात सहदेव तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मनगटात शीर दबली होती, फार दिवस दुर्लक्ष झाले होते. शस्त्रक्रिया करावी, बोटांत जाण परत येईल किंवा येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तारीख बारा जानेवारी ठरली. एकतीस डिसेंबरला कारखान्यात त्याला शाल आणि नारळ मिळाला. भिंतीवरचा एकशे ऐंशीवा ठिपका त्याने दिला नाही.

एक जानेवारीला, शुक्रवारी, साडेदहाच्या सुमारास रागिणी हलीमाबीकडे निघाली. परतवाड्याच्या एका लग्नाच्या अकरा साड्या तिने डॉक्टरांकडे जाण्याआधीच अंगावर घेतल्या होत्या. आता लावता येणार नाहीत, हे सांगायला ती जात होती. सहदेवने पायांत चप्पल सरकवली.

"तुमी कुठी?"

"तुह्यासंगं. सारा दिवस तुह्याजवळ राहीन म्हटलं होतं ना?"

पडवीत सतरंजीवर त्याला मांडी घालून बसलेला पाहताच हलीमाबीने डोक्यावरचा पदर सावरला आणि तोंडाला हात लावला. "अवो गावंडेसाहेब! लोक रिटायर होऊन आराम करते, तुमी पैल्याच दिवशी कामाले लागले?"

"शिकवा त खरं. विजेचं काम येते, हेबी येईन."

"दोरा ओवता येते का आधी?"

तो चष्मा पुसत, जीभ दातांत धरून, सुईच्या नेढ्याशी झगडू लागला. चौथ्या खेपेस दोरा गेला. रागिणी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटाने साडीच्या काठावर एकेक जागा दाखवत होती. "इथं वरून दिसला नाही पायजे. कापडाचा एकच धागा उचला. एवढा जोर नोका लावू, ते तार नाही." त्याने खिशातून पट्टी काढून दोन टाक्यांमधले अंतर मोजले, तेव्हा ती हसली, खूप दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. दुपारपर्यंत त्याची पाठ धरली, मान अवघडली, अंगठ्याच्या पेरात दोनदा सुई रुतली. दोन्ही वेळा त्याने तिच्या हाताकडे पाहिले.

"सहा तास... रोज?" त्याने हलक्या आवाजात विचारले.

तिने मान डोलावली.

साडेचारला हलीमाबीने त्याच्या दोन्ही साड्या उजेडात धरून पाहिल्या. एक बाजूला ठेवली. दुसरी त्याच्याकडे परत केली. तिचा फॉल अर्ध्यापासून वळला होता, तो उसवावा लागणार होता. मग तिने डब्यातून पैसे काढले, रागिणीकडे पाहिले, आणि ते सहदेवच्या तळहातावर ठेवले.

त्या दिवसाची मजुरी अठरा रुपये झाली.